वाटा घटला, की नेला? : एका खापरावरची तक्रार आणि कामगाराचा हिस्सा

(आकुर्डी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

फर्स्ट शिफ्ट संपवून, डबा हातात घेऊन थेट इथं आलेले काहीजण मला समोर दिसताहेत. त्यांचे आभार आधी मानतो. बाहेरच्या फळ्यावर विषय वाचून एका गृहस्थांनी मला चहाच्या वेळी विचारलं, “सर, ज्यूंचे जुने लेख आणि आकुर्डीचा कामगार, यांचा काय संबंध?” प्रश्न रास्त आहे. मी इतिहाससंशोधक नाही, अर्थतज्ज्ञही नाही. साहित्य शिकवण्यात माझा जन्म गेला. मजकूर वाचायचा कसा, त्यात कोण बोलतोय, कोण गप्प आहे, क्रियापदाचा कर्ता कुठं गेला, एवढंच मला कळतं. आज मी दोन मजकूर वाचणार आहे. एक सव्वीसशे वर्षांपूर्वीचा, खापरावरचा. दुसरा आजचा, आकडेवारीतला. आणि दुसऱ्यावर माझी तक्रार आहे.

खापर

१९६० साली इस्रायलच्या समुद्रकाठी, याफो आणि अश्दोद यांच्या मधल्या पट्ट्यात, एका लहानशा जुन्या किल्ल्याचं उत्खनन झालं. योसेफ नावे हे त्याचे उत्खनक. त्या ठिकाणाला आता मेसाद हशाव्याहू म्हणतात. किल्ल्याच्या देवडीपाशी फुटक्या मडक्याचे तुकडे सापडले. ते जुळवले तेव्हा त्यांच्यावर शाईनं लिहिलेल्या हिब्रू भाषेतल्या चौदा ओळी निघाल्या. काळ इसवी सनापूर्वीचं सातवं शतक, त्याचा शेवटचा भाग. बहुतेक अभ्यासक तो यहूदाचा राजा योशिया याच्या कारकिर्दीत धरतात.

त्या काळात कागद नव्हता आणि पपायरस महाग होता. त्यामुळे रोजच्या व्यवहारातलं किरकोळ लिखाण फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर व्हायचं. आपण नाही का सिगारेटच्या पाकिटावर हिशेब मांडत, तसंच.

ह्या चौदा ओळींत काय आहे? एक अर्ज आहे. कापणी करणाऱ्या एका माणसाचा. तो किल्ल्याच्या अधिकाऱ्याला, म्हणजे ‘सर’ला उद्देशून आहे. हो, हिब्रूत अधिकाऱ्याला ‘सर’च म्हणतात. (हशा) योगायोग आहे, पण लक्षात ठेवायला बरा. तर हा माणूस सांगतो की आपण हासार-आसाम इथं कापणीच्या कामावर होतो. काम केलं, धान्य रोजच्यासारखं कोठारात भरलं. आणि त्यानंतर शोबायचा मुलगा होशायाहू आला आणि त्यानं आपलं अंगावरचं वस्त्र काढून नेलं. नेऊन कित्येक दिवस झाले. माझ्याबरोबर उन्हाच्या तापात कापणी करणारे माझे सगळे भाऊ माझ्या बाजूनं साक्ष देतील. मी निर्दोष आहे, माझं वस्त्र मला परत द्यावं. शेवटच्या ओळी तुटक आहेत, पण रोख असा दिसतो की माझा दोष नसेल तर न्याय म्हणून द्या, आणि वाटलं तर दया म्हणून द्या, पण द्या.

वस्त्र म्हणजे आपल्या भाषेत अंगावरचं घोंगडं. दिवसा झूल, रात्री पांघरूण. यहुदी धर्मशास्त्रात नियम आहे की गरिबाचं वस्त्र गहाण म्हणून घेतलंत तर सूर्य मावळायच्या आत परत करा, कारण रात्री पांघरायला त्याच्याकडे दुसरं काही नसतं. मजुरी त्याच दिवशी द्या, हाही नियम आहे. आपला कापणीवाला मात्र शास्त्राचं नाव काढत नाही. तो फक्त घडलेली गोष्ट सांगतो, आणि तीच तीच वाक्यं पुन्हा पुन्हा सांगतो. कापणी केली, भरलं, तो आला, नेलं. पुन्हा, कापणी केली, भरलं, तो आला, नेलं. काही अभ्यासकांना यावरून वाटतं की हा माणूस बोलत होता आणि लेखनिक लिहून घेत होता. मला ते पटतं. आपल्याकडे लेबर ऑफिसबाहेर झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसणाऱ्यासमोर माणूस असाच बोलायचा.

एक गोष्ट लक्षात घ्या. ह्या अर्जात वस्त्र नेणाऱ्याचं नाव आहे, बापाच्या नावासकट. अर्जदाराचं स्वतःचं नाव मात्र कुठंही नाही. तो स्वतःला ‘तुमचा दास’ एवढंच म्हणवतो. नाव नसलेल्या माणसानं नाव असलेल्या माणसावर केलेली फिर्याद.

दोन अडलेले शब्द

ह्या मजकुरात दोन शब्दांवर विद्वान अडलेले आहेत, आणि माझ्या मते आजचा सगळा विषय त्या दोन शब्दांतच आहे.

पहिला शब्द. जुन्या हिब्रूत स्वर लिहीत नसत. ‘काफ’ आणि ‘लामेद’ अशी दोन व्यंजनं त्या जागी आहेत. त्यांचा अर्थ ‘संपवलं’ असा लागतो, आणि ‘मोजलं’ असाही लागतो. म्हणजे हा मजूर एक तर म्हणतोय की मी माझं काम पुरं केलं, किंवा म्हणतोय की मी माझं माप घालून दिलं. दोन्ही अर्थांना मानणारे अभ्यासक आहेत. भाषेच्या दृष्टीनं हा वाद सुटायचा तेव्हा सुटेल. पण कामगाराच्या दृष्टीनं विचार करा, हे दोन अर्थ वेगळे आहेत का? काम संपलं असं केव्हा म्हणायचं? मापात बसलं तेव्हा. आणि माप कोणाच्या हातात? होशायाहूच्या हातात. त्यानं वस्त्र का नेलं असावं? बहुधा त्याच्या मते माप कमी भरलं म्हणून. मजूर म्हणतो भरलं, मुकादम म्हणतो नाही भरलं. सव्वीसशे वर्षांपूर्वीचं हे भांडण इथल्या कुठल्याही शॉपफ्लोअरवरच्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही. टार्गेट, रिजेक्शन, रिवर्क, ही सगळी त्याच दोन व्यंजनांची मराठी रूपं आहेत.

दुसरा शब्द ‘शब्बात’. मजूर म्हणतो की त्यानं धान्य भरलं ते ‘शब्बातच्या आधी’. काहींच्या मते इथं शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचा उल्लेख आहे, आणि तसं असेल तर बायबलबाहेरचा हा त्या दिवसाचा फार जुना लेखी पुरावा ठरतो. इतरांच्या मते इथं फक्त ‘थांबण्याआधी’, ‘काम सोडण्याआधी’ एवढाच अर्थ आहे, कारण त्या धातूचा मूळ अर्थच थांबणं असा आहे. तेव्हा पहिला शब्द काम किती झालं त्याचा, आणि दुसरा शब्द काम कुठं थांबतं त्याचा. मोजमाप आणि विश्रांती. मजुरीचा इतिहास या दोनच खुंट्यांना टांगलेला आहे.

तांबं, खडक आणि खापर

आता थोडा वेळ दुसऱ्या दोन लेखांकडे वळतो, म्हणजे खापराचं मोल कळेल.

कोचीच्या ज्यूंकडे एक ताम्रपट आहे. तो इतका प्राचीन नाही, इसवी सन १०००च्या सुमाराचा. चेर राजा भास्कर रवी यानं जोसेफ रब्बान नावाच्या ज्यू व्यापाऱ्यांच्या प्रमुखाला बहात्तर हक्क दिले, त्याची ती सनद. पालखी, छत्री, दिवसा दिवा लावण्याचा मान, वाद्यं, आणि मुख्य म्हणजे इतरांना भरावे लागणारे कर माफ. मलबारच्या किनाऱ्यावर मिरी होती, समुद्रापलीकडे तिला गिऱ्हाईक होतं. राजाला व्यापारी हवा होता, म्हणून त्यानं सवलती दिल्या. जागतिकीकरण १९९१ साली जन्मलं असं आपल्याला सांगितलं जातं. ते नंतर वेगानं पसरलं एवढं खरं. सवलतींची सनद मात्र हजार वर्षं जुनी आहे. नव्या औद्योगिक धोरणातली करमाफी वाचताना मला हटकून ते बहात्तर हक्क आठवतात.

दुसरा लेख जेरुसलेमचा. शिलोहाच्या बोगद्यातला. हा इसवी सनापूर्वी ७००च्या सुमाराचा. शहराला वेढा पडला तर पाणी आत असावं म्हणून खडकातून सुमारे ५३३ मीटर लांब बोगदा खोदला. धर्मग्रंथ त्याचं श्रेय हिज्कीया राजाला देतात. पण १८८० साली बोगद्याच्या भिंतीवर जो लेख सापडला, त्यात राजाचं नावच नाही! सहा ओळी आहेत आणि त्यांत आहेत ते खोदणारे. दोन्ही टोकांकडून खोदत आलेले, मध्ये तीन हात खडक उरला असताना पलीकडून साथीदाराची हाक ऐकू आलेले, आणि मग कुदळीला कुदळ भिडून पाणी वाहिलेलं. लांबी किती, वर खडक किती उंच, तेही दिलंय. आज तो दगड इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे.

तीन लेख, तीन पदार्थ. व्यापाऱ्याचा हक्क तांब्यावर. कारागिरांचा अभिमान खडकावर, पण अंधारात, जिथं कोणी वाचणार नाही अशा जागी. आणि मजुराची तक्रार फुटक्या मडक्यावर शाईनं. करार ज्याच्याकडे टिकाऊ वस्तूवर असतो, त्याचा हक्क टिकतो. हे मी उपमा म्हणून सांगत नाही. माझे वडील इथल्याच एका कंपनीत फिटर होते. पत्र्याच्या पेटीत त्यांच्या सगळ्या पगारचिठ्ठ्या होत्या, वर्षवार दोऱ्यानं बांधलेल्या. त्या चिठ्ठ्यांवर पुढे त्यांची ग्रॅच्युइटी ठरली. आमच्या शेजारचा मुलगा आता चाकणला एका कारखान्यात जातो. मशीन तेच, बाक तोच, पण कार्डावरच्या ठेकेदाराचं नाव आतापर्यंत तीनदा बदललं. मागे त्याच्या ओव्हरटाइमचे काही तास पगारात आले नाहीत. विचारायला गेला तर उत्तर मिळालं, “रजिस्टरला नाही.” त्याच्याकडे खापरसुद्धा नाही.

शनवार तेली आणि रविवार

हिब्रू खापरावरून आपल्या घरी यायला फार लांब जावं लागत नाही. कोकणात, अलिबागच्या आसपास, शेकडो वर्षांपासून बेने इस्राएल राहतात. नावगावजवळ जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरा. ते केव्हा आले हे सांगणारा प्राचीन शिलालेख नाही. पण त्यांच्याविषयीचा एक पुरावा शेजाऱ्यांच्या तोंडी टिकला. ते घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावानं त्यांना नाव दिलं ‘शनवार तेली’. हा मला एक अप्रतिम लेख वाटतो. दोन शब्द. एकात काम, दुसऱ्यात काम थांबवण्याचा हक्क. हिब्रू विसरले, पुष्कळसे विधी विसरले, मराठी बोलू लागले, पण थांबण्याचा दिवस विसरले नाहीत.

आता हे तेली स्वतःचा घाणा चालवत होते, म्हणून थांबू शकत होते. गिरणीतल्या मजुराला ती सोय नव्हती. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला, आणि मुंबईत पैशाचा पूर आला. कापसाच्या आणि अफूच्या व्यापारात मोठी झालेली घराणी पुढे गिरण्यांत उतरली. त्यांत बगदादहून आलेलं ससून घराणंही होतं. पुण्यात कॅम्पात जे लाल देऊळ आपण पाहतो, ते १८६७ साली पुरं झालेलं सिनेगॉग, डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभं राहिलेलं. म्हणजे एकाच धर्माचे दोन समाज, एक कोकणात घाण्यावर, एक जगाच्या बाजारात. धर्म तोच, शनिवार तोच, पण मालाच्या साखळीतली जागा वेगळी. कोणाच्या पदरात काय पडतं ते जागेवरून ठरतं, धर्मावरून नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण भांडवलाचं नाव घेतलं की काही लोक लगेच कुठल्या तरी जातीधर्माकडे बोट दाखवतात. ती घाणेरडी सवय आहे आणि चुकीचीही.

गिरणीकामगाराला थांबायचा दिवस कोणी मिळवून दिला? नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८८४ साली त्यांनी मिलहँड्स असोसिएशन उभी केली. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवलं. त्यातल्या मागण्या बघा: रविवारी सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाच्या वेळेला सीमा, आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. पुन्हा तेच दोन खुंट. माप आणि थांबणं. १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मान्य झाली. खापरावरचा मजूर एकटा होता. इथं साडेपाच हजार सह्या होत्या, आणि तो फरक निर्णायक ठरला.

वाटा म्हणजे काय

आता दुसरा मजकूर, आकडेवारीचा. थोडं सावकाश सांगतो.

समजा, एका सुट्या भागांच्या कारखान्यानं शंभर रुपयांचा माल विकला. त्यात लोखंड, वीज, पेंट, बाहेरून घेतलेल्या सेवा यांचे पंचाहत्तर गेले. मशीनची झीज पाच. उरले वीस. ह्या विसाला निव्वळ मूल्यवर्धन म्हणतात. कारखान्यानं खरोखर नवं काय निर्माण केलं, तर हे वीस. यातून कामगारांची मजुरी, साहेबांचे पगार, व्याज, भाडं आणि नफा जायचा. ह्या विसातले कामगारांना सहा मिळाले तर वाटा तीस टक्के. दोन मिळाले तर दहा टक्के.

ही दोन उदाहरणं मी उगाच घेतलेली नाहीत. केंद्र सरकारच्या वार्षिक औद्योगिक सर्वेक्षणात नोंदलेल्या कारखान्यांत कामगारांच्या मजुरीचा हा वाटा १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तीस टक्क्यांच्या आसपास होता. २००७-०८पर्यंत तो दहा टक्क्यांच्या आसपास आला. नंतर थोडा सावरला, पण जुन्या जागी परतला नाही. ठेक्यावरचे कामगार ह्या शतकाच्या सुरुवातीला साधारण पाचात एक होते. २०२३-२४मध्ये ते पाचात दोनांहून जास्त झाले. जगाचंही तसंच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०२४मध्ये सांगितलं की जगाच्या उत्पन्नातला श्रमाचा वाटा २००४पासून १.६ टक्के बिंदूंनी उतरून ५२.४ टक्क्यांवर आला आहे.

इथं एक सावधगिरी. वाटा घटला म्हणजे मजुरी घटलीच असं नाही. पोळी मोठी झाली आणि तुकडा थोडाच वाढला, तरी वाटा घटतो. ज्याच्या घरात टीव्ही आला, मुलगी इंजिनीअर झाली, त्याला ‘तुझं वाटोळं झालं’ म्हणून सांगायला जाऊ नये. तो हसेल. प्रश्न असा आहे की पोळी मोठी करण्यात त्याचा हात होता, तर तुकडा त्या मानानं का वाढला नाही?

दुसरी सावधगिरी, माप. पूर्वी कँटीन, गेटवरचे रखवालदार, साफसफाई हे सगळे कंपनीचे लोक असत. आता त्या सेवा बाहेरून विकत घेतल्या की त्यांचा खर्च कच्च्या मालासारखा वजा होतो. म्हणजे तो माणूस त्याच आवारात, तोच झाडू मारतोय, पण हिशेबात तो कारखान्याचा उरत नाही. आधी संपवलं की मोजलं असा प्रश्न होता. आता मोजायच्या आधीच माणूस मापाबाहेर.

अकर्मक क्रियापद

आता माझी तक्रार. अर्थशास्त्राचे लेख वाचा, वर्तमानपत्रं वाचा. वाक्य ठरलेलं: जागतिकीकरणामुळे श्रमाचा वाटा घटला. ‘घटला’ हे अकर्मक क्रियापद आहे. पाऊस पडला, पान गळलं, वाटा घटला. करणारा कोणी नाही. ‘जागतिकीकरण’ ह्या शब्दालाही हात-पाय नाहीत. आपल्या कापणीवाल्यानं असं लिहिलं असतं का, की ‘हंगामी परिस्थितीमुळे माझ्या अंगावरच्या वस्त्रात घट झाली’? (हशा) तो म्हणतो, होशायाहूनं नेलं. सकर्मक. कर्ता आहे, कर्म आहे, साक्षीदार आहेत.

घटण्याची कारणं पुस्तकांत आहेत, मी ती नाकारत नाही. गंमत अशी की १९४१ साली स्टोल्पर आणि सॅम्युएल्सन या दोघांनी मांडलेल्या सिद्धांताप्रमाणे, जिथं माणसं मुबलक आणि भांडवल कमी, त्या देशात व्यापार खुला झाला की मजुराचंच भलं व्हायला हवं होतं. आपण तोच देश. तसं झालं नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या २०१७च्या अहवालानं म्हटलं की श्रीमंत देशांत घसरणीचा जवळजवळ अर्धा भाग तंत्रज्ञानाचा आहे, पण उगवत्या देशांत जागतिक साखळीत गुंफलं जाण्याचा वाटा मोठा आहे. बाहेरून येणारं काम त्या देशापुरतं हलकं, पण इथल्या मानानं मशीन जास्त आणि हात कमी लागणारं. हे स्पष्टीकरण आपल्या पट्ट्याला लागू पडतं. भोसरीतून चाकणला जाताना शेडमधले रोबो दिसतातच.

पण सगळं जागतिकीकरणावर ढकलणंही बरोबर नाही. आपल्याकडची घसरण १९९१च्या आधीच सुरू झाली होती. १८ जानेवारी १९८२ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला, आणि त्यात कामगार हरला तो परदेशी स्पर्धेमुळे नव्हे. २००३नंतर उत्तराखंडात करसवलती मिळाल्या, आणि अनेक वाहन कंपन्यांनी पंतनगरला कारखाने काढले. तेही परदेशात नाही. आकुर्डीतलं बजाजचं उत्पादन २००७मध्ये थांबलं. चाकणचा कारखाना त्याआधीच सुरू झाला होता, पंतनगरचा त्याच वर्षी सुरू झाला. २०२२मध्ये विजेवरच्या चेतकचा कारखाना पुन्हा आकुर्डीत आला. भांडवलाला पाय आहेत. ते जाऊ शकतं, परत येऊ शकतं. कामगाराचं घर, मुलांची शाळा, सोसायटीचं कर्ज आकुर्डीतच असतं. वाटाघाटीच्या टेबलावर ज्याला उठून जाता येतं, त्याचंच चालतं. ह्यात सवलत देणारं सरकार आहे, पुरवठादाराला दरवर्षी दर कमी करायला सांगणारा खरेदी विभाग आहे, तो दर ठेकेदाराकडे ढकलणारा मालक आहे, आणि सात महिन्यांनी ‘ब्रेक’ देऊन २४० दिवस भरू न देणारी पद्धत आहे. हे सगळे कर्ते आहेत. त्यांना एका भाववाचक नामाखाली झाकणं म्हणजे लेखातून होशायाहूचं नाव खरवडून टाकणं.

बघा, थांबण्याचा अर्थ कसा उलटा झाला. शब्बात, शनिवार, रविवार, ही थांबणी कामगारानं मिळवलेली होती. ‘ब्रेक’ हे त्याच्यावर लादलेलं थांबणं आहे.

मात्र माझ्याच म्हणण्याला एक हरकत घेतो. खापरावरच्या मजुराला होशायाहू दिसला, पण होशायाहूला माप ठरवून देणारा कोण, हे दिसलं नाही. किंबहुना ज्याच्याकडे तो दाद मागतो तो ‘सर’ त्याच व्यवस्थेचा प्रमुख आहे. सुपरवायझरच्या नावानं बोटं मोडून वाटा परत येत नाही. त्यासाठी आकडे लागतात, सर्वेक्षण लागतं. म्हणून मला आकडेवारी नको आहे असं नाही. मला आकडेवारीत कर्ता हवा आहे, आणि तक्रारीत आकडा हवा आहे.

साक्ष

शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्याला झोंबणारा आहे. त्या अर्जाचा सगळा भार एका वाक्यावर आहे. माझ्याबरोबर उन्हात कापणी करणारे भाऊ साक्ष देतील. त्याच्याकडे कागद नाही, पैसा नाही, स्वतःचं नाव लिहिण्याइतकीही प्रतिष्ठा नाही. साक्षीदार आहेत.

आज आपल्या पट्ट्यात वेतनकरार होतो तेव्हा गेटवर गुलाल उधळला जातो. चांगली गोष्ट आहे. पण तो करार पर्मनंट लोकांचा. त्याच लाइनवर, त्याच तापात उभा असलेला ठेक्यावरचा पोरगा त्या गुलालात नसतो. आणि त्याचे तास रजिस्टरमधून गळतात तेव्हा शेजारचा पर्मनंट माणूस साक्ष देतो का? मी कोणाला टोचून बोलत नाही. माझ्या वडिलांनीही नाही दिली. एकदा ते म्हणाले होते, “त्यांचं त्यांनी बघावं.” त्या वाक्यात वाटा घटायला सुरुवात झाली असं मला वाटतं. कारण आज जो ठेक्यावर आहे त्याची मजुरी उद्या पर्मनंटच्या कराराची कमाल मर्यादा होते.

त्या मजुराला वस्त्र परत मिळालं का, हे खापर सांगत नाही. पण त्याचा अर्ज उरला, कारण कोणीतरी त्याचं बोलणं ऐकून लिहून घेतलं. दरवर्षी तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामाला येते. तुकोबांच्या अभंगांच्या वह्याही इंद्रायणीत बुडवल्या होत्या आणि त्या तरल्या, असं आपण मानतो. लिहिलेलं तरतं, पण आधी लिहावं लागतं. म्हणून इथून जाताना एकच विनंती. आपली हजेरी, आपले तास, ठेकेदाराचं नाव, पगाराची तारीख, हे स्वतःच्या वहीत लिहा. आणि शेजारच्या मशीनवरच्या पोराच्या वहीखाली साक्षीदार म्हणून स्वतःची सही करा.

(व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं विचारलं, “सर, वहीला कोर्टात किंमत आहे का?” त्यावर वक्ते म्हणाले, “एकट्या वहीला फारशी नाही. एकाच तारखेच्या पन्नास वह्या जुळल्या तर मात्र समोरच्याला स्वतःचं रजिस्टर काढून दाखवावं लागतं. लोखंड्यांनी साडेपाच हजार सह्या उगाच नव्हत्या गोळा केल्या.”)